दुर्गम तळ्यात अडकलेलं आग विझवणारं विमान बाहेर कसं काढायचं

आग विझवणारी विमानं अडकतात ती नेमकी अशा जागी जिथे रस्ता नाही, धावपट्टी नाही आणि फोनला रेंजही नाही. यात नवल काही नाही, कामच तसं आहे ना, जंगल पेटलंय तिथे जायचं, जवळचं तळं गाठायचं, पाण्यावरून पळता पळता टाकी भरायची आणि उडून जायचं. सीएल-४१५ हे विमान १२ सेकंदांत ६,१३७ लिटर पाणी घेतं, न थांबता. या १२ सेकंदांत काही बिनसलं की मग विमान तळ्यातच.

जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये मूसहेड लेकवर असंच झालं. पाणी भरणाऱ्या प्रोबचा, म्हणजे पोटाखाली निघणाऱ्या तोटीचा, स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर गेलेला, त्यामुळे पाणी ठरल्यापेक्षा जास्त भरलं, वळताना ताबा सुटला आणि विमान गरकन फिरून अर्धं बुडालं. वैमानिक बाहेर पडून पंखावर चढले आणि बोट येईपर्यंत तिथेच थांबले, कुणाला इजा नाही. सीएल-४१५ चा पंख हलच्या, म्हणजे होडीसारख्या पोटाच्या वर, उंचावर असतो, म्हणून पोट बुडालं तरी पंख पाण्यावर तरंगतो आणि विमान तिथेच अडून राहतं. पुढचं सगळं गणित या गोष्टीवर उभं आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. अडकताना जे मोडतं ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं, घाईने ओढताना जे मोडतं ते होत नाही. म्हणून खालचं वाचताना कंटाळा आला तरी पहिल्या दोन दिवसांचा भाग सोडू नका.

पहिले दोन दिवस: विमान कुठे पळून जात नाही

माणसं सुखरूप बाहेर आली का, हे झालं की पुढचा प्रश्न विमानाचा नसून आगीचा. विमान इथे आलं ते आग जवळ आहे म्हणूनच, वारा फिरला तर तीच आग किनाऱ्यावरच्या तुमच्या तंबूपर्यंत येईल आणि मग आगीतून फुफाट्यात. आगीवर ज्यांचा कंट्रोल चालू आहे त्यांना आधी कळवा की आमची माणसं अमुक ठिकाणी आहेत. आगीच्या वरची हवाई हद्द बहुतेक वेळा बंद असते, त्यामुळे तुमचं हेलिकॉप्टर, तुमचा ड्रोन, काहीही त्यांना विचारल्याशिवाय वर जायला नको. एक ड्रोन दिसला तरी आग विझवणारी सगळी विमानं जमिनीवर बसवावी लागतात आणि मग शिव्या तुम्हालाच.

मग विमान शांत करायचं. बॅटरी काढा. ४०६ मेगाहर्ट्झचा इमर्जन्सी बीकन वाजत असेल तर बंद करा, पण शोध-बचाव केंद्राला आधी कळवून, नाहीतर तो अचानक गप्प झाला म्हणून तिकडे वेगळीच धावपळ सुरू होईल. इंजिनाच्या अग्निशामक बाटल्यांना छोटी स्फोटक कार्ट्रिज असतात, ती जाणकार मेकॅनिकनेच निकामी करायची. हायड्रॉलिकच्या अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या भांड्यात, प्रेशर राहिलेलं असतं, ते सोडायचं, आणि चाकं बाहेर असतील तर त्यांच्या लॉक पिना लावायच्या. या सगळ्याला तासभर लागतो आणि हाच तास लोक वाचवायला बघतात.

आता बांधणं. तरंगत असेल तर नाक वाऱ्याकडे ठेवून दोन बाजूंना नांगर. एकाच नांगरावर सोडलेलं विमान रात्रभर गोल गोल फिरतं आणि सकाळी शेपूट खडकावर आपटलेली सापडते. हलमध्ये पाणी येत असेल तर बिल्ज पंप, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप, चालू ठेवा, रात्री पाळी लावा, पंपाशेजारी माणूस जागा हवा कारण पंपाचं पेट्रोल पहाटे तीनलाच संपतं, हा नियम कुठे लिहिलेला नाही पण पक्का आहे.

आणि हात लावण्याआधी परवानगी. हा अपघात धरला गेला तर आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयन संघटनेच्या १३ व्या परिशिष्टाप्रमाणे तपास यंत्रणा हो म्हणेपर्यंत विमान जसंच्या तसं राखून ठेवावं लागतं. माणसं बाहेर काढायला किंवा विमान आणखी बुडून नष्ट होऊ नये म्हणून हलवावं लागलं तर चालतं, पण आधी फोटो काढा, कॉकपिटमधला प्रत्येक स्विच कुठल्या स्थितीत होता ते टिपा. मूसहेडला सगळा उलगडा एका स्विचवर झाला हे लक्षात ठेवा. रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, पाण्यात होता तर बाहेर काढून वाळवायचा नाही, गोड्या पाण्याच्या बादलीतच बुडवून पाठवायचा, कारण हवा लागली की गंज सुरू. इन्शुरन्सवाल्यालाही याच टप्प्यावर सांगा. विमान टोटल लॉस धरलं गेलं तर ते त्यांचं होतं, आणि मग तुम्ही दुसऱ्याचं विमान ओढताय.

पाहणी, म्हणजे खरं काम

कागद, पेन्सिल, दोरीला बांधलेलं वजन आणि एक छोटी बोट. तळ्याची खोली दहा-दहा मीटरवर मोजा, तळाला वाळू आहे का चिखल का गोटे ते बघा, किनारा कुठे सपाट आहे, वारा कुठल्या वेळी कुठून येतो, सगळं लिहा. पाण्याची पातळी रोज एका खुंटीवर खूण करून बघा, उन्हाळ्याच्या शेवटाला ती उतरते आणि आज तरंगणारं विमान पंधरा दिवसांनी चिखलात बसलेलं असतं.

मग वजन. रिकामं सीएल-४१५ जवळपास १२,९०० किलो. त्यात इंधन, टाकीतलं पाणी, फोम, सामान मिळवा. इंधन लिटरला साधारण ८०० ग्रॅम, पाणी लिटरला १ किलो. सगळ्यात जास्त फसवतं ते हलमध्ये शिरलेलं पाणी. विमान पाण्याखाली असेपर्यंत आतल्या पाण्याचं ओझं जाणवतच नाही, पण हल जसजसा वर येतो तसतसं प्रत्येक घनमीटरमागे एक टन दोरीवर येतो. क्रेनवाल्याला तुम्ही १३ टन सांगता, तो उचलायला लागतो आणि निम्मं वर आल्यावर २० टनांच्या पुढे जातं, मग एकतर दोरी तुटते किंवा हल मधून वाकतो. म्हणून विमान काढायच्या आधी पाणी काढायचं.

एवढं हातात आल्यावर ठरवायचं की उडवून न्यायचं, तरंगवत ओढायचं, हवेतून उचलायचं, की सुटं करून न्यायचं. लोक थेट हेलिकॉप्टरवर जातात कारण ते दिसायला भारी. मी म्हणतो क्रम याच्या उलट ठेवा. उडवता येत असेल तर तेच, बाकीचं सगळं त्यापुढे महाग आणि विमानाला जास्त त्रासाचं.

तिथेच दुरुस्त करून उडवणं

इंजिन बिघडलंय पण हल धड आहे, ही सगळ्यात चांगली केस. नवं इंजिन हेलिकॉप्टरने आणा, विमान किनाऱ्याला घट्ट बांधा, ए-आकाराची घोडी उभारून चेन ब्लॉकने इंजिन बदला. पाण्यावर इंजिन बदलायचं असेल तर खाली तराफा बांधा आणि प्रत्येक पान्याला दोरी लावा, पडलेला पाना तळ्यातून परत येत नाही.

हलला भोक असेल तर आतून प्लायवूड आणि रबर शीट, मधून बोल्ट, हे झालं तात्पुरतं बुजवणं, फक्त तरंगण्यापुरतं. उडायचं असेल तर अॅल्युमिनियमचा रिव्हेट मारलेला पॅच आणि सीलंट लागतं, आणि तो पॅच कसा मारायचा हे उत्पादकाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलप्रमाणे किंवा त्यांच्या इंजिनिअरने लिहून दिल्याप्रमाणे. इथे जुगाड नको. टेकऑफच्या वेळी पाणी हलच्या तळावर हातोड्यासारखं आपटतं.

विमान पूर्ण नियमात बसत नसेल पण एका उड्डाणापुरतं सुरक्षित असेल तर फेरी परमिट मिळतं, त्यात अटी असतात, दिवसाच उडायचं, हवा स्वच्छ पाहिजे, आत फक्त लागणारे वैमानिक. मेकॅनिकला वाटतं मी पण जातो, तेवढंच चालणं वाचेल, तर नाही.

अजून एक घोटाळा इथे होतो. या तळ्यावर विमान आधी पाणी भरून गेलंय ना, मग टेकऑफपण होईलच, असं धरून चालतात. पाणी भरताना विमान वेगात असतं, पाण्याला नुसतं घासत जातं, थांबत नाही. थांबलेलं विमान उठवायला आधी त्याला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं आणि तिथे ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून लांबीचं गणित नव्याने करा, तेही त्या दिवसाच्या तापमानाला आणि तळ्याच्या उंचीला धरून. पाणी आरशासारखं शांत असेल तर आणखी वाईट, हल चिकटल्यासारखा होतो, अशा वेळी बोट दोन-तीनदा आडवी फिरवून लाटा उठवतात. वजन कमी करा, इंधन पुढच्या धावपट्टीपर्यंत पुरेल अधिक राखीव एवढंच, फोम काढा, पाण्याच्या टाकीचे दरवाजे बंद आणि प्रोब आत आहेत हे हाताने तपासा.

बुडालेलं विमान वर आणणं

पाण्याखाली अॅल्युमिनियमचं वजन सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरतं, स्टीलचं जेमतेम १३ टक्क्यांनी, त्यामुळे १३ टनांचं विमान पूर्ण बुडालेलं असताना साधारण नऊ टन जाणवतं. लिफ्ट बॅगेत, म्हणजे पाण्याखाली हवा भरून वजन वर उचलणाऱ्या पिशवीत, १,००० लिटर हवा भरली की एक टन उचल. म्हणजे नऊ बॅगा? नाही, बारा तरी घ्या, एखादी फाटते, एखादी सरकते, आणि चिखलाची पकड हिशोबात धरलेलीच नसते.

बॅगा मोठ्या दोन घेण्यापेक्षा छोट्या बारा कधीही बऱ्या. कारण असं की १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणजे विमान तळ सोडून वर निघालं की बॅगा फुगतात, उचल वाढते, वेग वाढतो, अजून फुगतात, आणि शेवटी विमान बुचासारखं उसळून वर येतं, हवा निसटते आणि परत खाली जातं, या वेळी उलटं. हे टाळायला उघड्या तोंडाच्या बॅगा वापरा, जादा हवा आपोआप बाहेर जाते, आणि आधी शेपूट मग नाक असं थोडं थोडं वर घ्या. विमान हलत असताना डायव्हर पाण्यात नको, यावर वाद घालू नका.

पट्टे कुठे बांधायचे? उत्पादकाने उचलण्यासाठी दिलेल्या होइस्ट पॉइंटला, नाहीतर हलच्या पोटाखालून रुंद पट्टे आणि तेही आतल्या फ्रेमच्या रेषेवर. प्रोपेलरला, शेपटीच्या टोकाला, फ्लोटच्या दांड्यांना दोरी बांधलेली दिसली तर काम थांबवा. चिखलात रुतलं असेल तर ताकद वाढवून उपयोग नाही, हलच्या खाली पाण्याचा फवारा किंवा हवा मारून पकड सोडवा, ती सुटली की विमान स्वतःहून हलतं.

पृष्ठभागाशी आल्यावर पंप. हलचे कप्पे एकेक करून रिकामे करा, सगळे एकदम अर्धवट रिकामे केले की आतलं पाणी या बाजूचं त्या बाजूला धावतं आणि विमान कलंडतं. मग अगदी सावकाश किनाऱ्याकडे, आणि उथळ पाण्यात आल्यावर ड्रेन प्लग उघडून उरलेलं पाणी वाहू द्या. घड्याळ बघू नका.

हे करायच्या आधी तरंगता बूम, म्हणजे तेल अडवणारा पट्टा, विमानाभोवती गोल फिरवून घ्या आणि शोषक पॅड तयार ठेवा, इंधन सांडणारच. टाकीत पाणी नसून रिटार्डंट, म्हणजे आग पसरू न देणारं रसायन, असेल तर ते तळ्यात सोडू नका, त्यात अमोनियाची संयुगं असतात आणि मासे मरतात. तळ्यात परकी शिंपली वगैरे असतील तर पंप, बॅगा, दोऱ्या धुवून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.

हेलिकॉप्टरने उचलायचं असेल तर

आकडे बघा म्हणजे उत्साह आपोआप खाली येतो. एस-६४ स्कायक्रेनची ई आवृत्ती सुमारे ९ टन उचलते, एफ आवृत्ती ११.३ टन. एमआय-२६ उचलतं २० टन. म्हणजे अख्खं सीएल-४१५ स्कायक्रेनच्या आवाक्याबाहेरच. फ्लोटवालं एटी-८०२ फायर बॉस हे आग विझवणारं छोटं विमान मात्र रिकामं चार टनांच्या आसपास, ते जमतं. आणि हे आकडे थंड हवेचे, समुद्रसपाटीजवळचे. उन्हाळ्यात डोंगरातल्या तळ्यावर ते झपाट्याने उतरतात.

लटकवलेलं विमान हे शेवटी विमानच असतं, वारा लागला की पंख उचल देतात आणि ते हेलिकॉप्टरकडे उडायला बघतं. म्हणून एकतर पंख काढा, नाहीतर वरच्या बाजूला लांबीभर फळ्या बांधून उचल मोडून टाका. कंट्रोल लॉक करा, प्रोपेलर बांधा, शेपटीला छोटं पॅराशूट लावा म्हणजे गरगर फिरणार नाही. आणि वाटेत खाली माणसं, घरं नकोत, पायलटला वाटलं तर तो एका बटणावर विमान सोडून देणार आहे, आणि ते बरोबरच आहे.

सुटं करून नेणं आणि थंडीची वाट बघणं

सीएल-४१५ चा पंख एकसलग आहे, २८.६ मीटर, मधून दोन तुकडे होत नाहीत. तो काढायला क्रेन नाहीतर भक्कम घोडी लागते. इंजिनं काढली की वजनाचा तोल मागे जातो, त्याआधीच शेपटीखाली टेकू द्या, नाहीतर विमान नाक वर करून बसतं. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठी पेन्सिलने कारण शाई भिजते. नळ्यांना टोप्या. कापायचं यंत्र तंबूतच ठेवा, कापून एक दिवस वाचतो आणि वर्कशॉपमध्ये वर्ष जातं.

थंड प्रदेशात सगळ्यात चांगला रस्ता कधीकधी हिवाळ्यात मिळतो. २००१ मध्ये कॅनडातल्या इनुविकजवळ सिटिजी लेकमध्ये पाणी भरताना एक जुनं कॅन्सो जातीचं विमान बुडालं. ते ओढून काठावर ठेवलं गेलं आणि तिथेच राहिलं. २००८ मध्ये अल्बर्टातल्या फेअरव्ह्यू गावच्या शेतकऱ्यांच्या एका टोळीने ते बर्फावरून ओढत इनुविकला आणलं, मग बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, चढवून मॅकेन्झी नदीने, पुढे ट्रकने गावात, आणि २०१७ मध्ये ते परत उडालं! मला ही गोष्ट प्रचंड आवडते, कारण यात हेलिकॉप्टरपेक्षा ऋतू जास्त कामाला आला.

गोठलेल्या तळ्यावर किती वजन चालतं याचं साधं सूत्र आहे, बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये, तिचा वर्ग, गुणिले ४, येईल तेवढे किलो. ५० सेंटिमीटरला १०,००० किलो. हे निळसर, पारदर्शक, कडक बर्फासाठी. पांढऱ्या बर्फाची जाडी निम्मीच धरायची. भोकं पाडून मोजा, एका ठिकाणी नाही, पूर्ण वाटेवर, नाल्याच्या तोंडाशी आणि लव्हाळ्यांजवळ जास्त, तिथे बर्फ पातळ असतो. विमान स्लेजवर, ट्रॅक्टर लांब दोरीने पुढे म्हणजे दोन्ही वजनं एका जागी येत नाहीत, चाल सावकाश, आणि जेवायला थांबायचं तर विमान बर्फावर सोडून नाही, उभं वजन तासन् तास राहिलं की बर्फ हळूहळू खचतो. ओढताना दोरीच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुटलेली दोरी माणूस बघत नाही.

थंडीत घाईचं काय होतं याचं उदाहरण आग विझवणाऱ्या विमानाचं नाही, पण सांगतोच. ग्रीनलंडमध्ये १९४७ मध्ये उतरलेलं की बर्ड नावाचं बी-२९ विमान १९९५ मध्ये काही लोक दुरुस्त करून उडवायच्या बेतात होते, चारही इंजिनं बदललेली, सगळं तयार. उड्डाणाआधी गोठलेल्या तळ्यावरून चालवत नेताना मागच्या सहायक इंजिनाचं इंधन सांडलं, आग लागली आणि जवळपास ५० वर्षं बर्फात टिकलेलं विमान त्या एका दिवसात जळालं. तेव्हा इंजिन सुरू करायच्या दिवशी बाहेर माणूस उभा करा, हातात मोठं अग्निशामक, आणि आतल्या प्रत्येक सुट्या टाकीला पट्टा.

बाहेर आल्यावर

पाण्यातून काढलेलं इंजिन हवेत आलं की गंजायला लागतं, खाऱ्या पाण्यातलं तर तासातासाला. मॅग्नेशियमचे भाग सगळ्यात आधी जातात. गोड्या पाण्याने धुवा, पाणी बाहेर काढा, गंजरोधक तेल आत फवारा, आणि हे तिथेच करा, वर्कशॉपला पोचल्यावर नाही. लगेच जमणार नसेल तर इंजिन गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवलेलं बरं, ऐकायला उलटं वाटतं पण खरंय. रिटार्डंट वाहणारं विमान असेल तर तेही धुवा, सुकलेलं रिटार्डंट सांध्यांत बसतं आणि अॅल्युमिनियम खातं.

आणि विमान परत पाण्यात सोडायचं असेल तर ड्रेन प्लग. किनाऱ्यावर निथळायला म्हणून उघडलेले ते सगळे प्लग एकाच माणसाकडे द्या, त्याने खिशात ठेवायचे नाहीत, डब्यात ठेवायचे, डब्यावर आकडा लिहायचा, आणि लावून झाल्यावर दुसऱ्या माणसाने हलखाली वाकून स्वतः मोजायचे.